‘दाखला काढून घ्या’ असं शाळा म्हणाली तर आधी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ८ वर्षांचा, दुसरीत, स्वमग्न (ऑटिझम), दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. शाळा तालुक्याच्या गावातली, खाजगी, सेमी इंग्रजी. घंटा झाली की कान दाबून ओरडतो, मधेच वर्गाबाहेर पळतो, एकदा शेजारच्या मुलाला ढकललं त्यावरून बाकीच्या पालकांनी तक्रार केली, आणि आता मुख्याध्यापिका म्हणतायत की स्वतःच्या खर्चानं पूर्णवेळ शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी व्यक्ती, आणा नाहीतर उन्हाळ्यात दाखला काढून स्पेशल शाळेत टाका. शाळेला असं म्हणता येतं का, हे तुम्ही विचारलंय, आणि शेवटी एक ओळ लिहिलीय की ‘का मीच त्याला तिथे ठेवून चूक करतेय?’ मला वाटतं खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे, कायद्याचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे.

मी २२ वर्षं याच कामात आहे. पहिली ६ वर्षं बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत होते, त्यानंतर गटसाधन केंद्रावर (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षिका, म्हणजे आज या वाडीची शाळा उद्या त्या वस्तीची. दोन्ही बाजू आतून बघितल्यात म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. कुठल्याही कागदावर सही करू नका. दाखल्यासाठी अर्ज लिहून देऊ नका, ‘माझ्या पाल्यामुळे काही झाल्यास मी जबाबदार’ असं हमीपत्र देऊ नका, ‘आम्ही स्वखुशीने’ हा शब्द असलेला कुठलाही कागद घरी घेऊन या आणि शांतपणे वाचा. कारण अशा मुलांना शाळा काढून टाकत नाहीत, पालकच काढून नेतात. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो, त्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलं जातं आणि विषय संपतो. नंतर पालक माझ्याकडे येतात, मॅडम शाळेनं काढलं म्हणतात, मी कागद बघते तर त्यांच्याच अक्षरातला अर्ज. मग तक्रार कशाच्या आधारावर करायची? आईला ऑफिसमध्ये बोलावून, चार जणांसमोर बसवून, ‘तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी’ म्हणत तो अर्ज लिहून घेतलेला असतो, हे मी किती वेळा बघितलंय सांगता येत नाही.

आता कायदा. दोन कायदे लक्षात ठेवा. पहिला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये त्यात पाचवी-आठवीला नापास करण्याबाबत बदल झाला, पण काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. दुसरा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला आणि ज्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, स्वमग्नता त्यात स्पष्ट नाव घेऊन आली. या कायद्याचंही योगायोगानं कलम १६ च महत्त्वाचं. सरकारनं अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या सगळ्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इतरांबरोबर शिकवायचं, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आणि त्याला वैयक्तिक आधार द्यायचा, असं ते सांगतं. मान्यता दिलेल्या, हा शब्द धरून ठेवा. ‘आम्ही खाजगी, आम्हाला अनुदान नाही’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण मान्यता तर सरकारचीच आहे ना. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर मात्र शिक्षण हक्क कायदा तिला लागू होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तसं सांगितलंय, पण २०१६ चा कायदा तरीही लागू राहतो. तेवढं शाळेच्या मान्यतेच्या कागदावरून तपासून घ्या.

आणि स्पेशल शाळेचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ असं सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि या दोन्हींत निवड मुलाची. शाळेची नाही, डॉक्टरांची नाही, तक्रार करणाऱ्या पालकांची तर नाहीच नाही. इतर मुलांना हा मोफत शिक्षणाचा हक्क १४ पर्यंत, आपल्या मुलांना १८ पर्यंत, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. आता ‘मोफत’ हा शब्द वाचून उद्या या खाजगी शाळेकडे फी परत मागायला जाऊ नका, खाजगी विनाअनुदानित शाळेत ते शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांच्या प्रवेशातून मिळतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं वंचित घटकात धरली जातात आणि आपल्याकडे त्यांना उत्पन्नाची अट नाही, पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गासाठी असतो, तुमचा मुलगा दुसरीत आहे. धाकटं कुणी असेल, ओळखीत कुणी असेल तर त्यांना जरूर सांगा.

शॅडो टीचरचं काय? पालकानं स्वतःच्या पैशानं माणूस ठेवला तरच मूल वर्गात बसेल अशी अट घालायला कायद्यात कुठेही आधार नाही. आधार देण्याची जबाबदारी शाळेची लिहिलीय. पण इथे मी तुम्हाला जमिनीवरचंही सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून विशेष शिक्षक येतात, थेरपी मिळते, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता मिळतो, साहित्य मिळतं. आम्ही संख्येनं कमी, एकेकीकडे कितीतरी शाळा, त्यामुळे तुमच्या वाट्याला आठवड्यातून एक भेट आली तरी खूप, पण व्यवस्था आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, आणि आपल्या राज्यानं २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. खाजगी विनाअनुदानित शाळेत यातलं फारसं काही पोचत नाही. तिथे शाळेनं स्वतः विशेष शिक्षक नेमायला हवा, आणि लहान गावातल्या शाळा तो नेमत नाहीत. म्हणून मी तत्त्व आणि सोय वेगळी ठेवते. अट म्हणून शॅडो टीचर मान्य करू नका. पण तुम्हाला परवडत असेल, चांगली व्यक्ती मिळत असेल आणि मुलाला काही महिने आधार लागणार असं तुम्हालाही वाटत असेल तर ठेवा, फक्त लेखी ठरवून ठेवा, किती महिने, दिवसातले किती तास, कमी कसं करत न्यायचं आणि ती व्यक्ती काय करणार नाही.

हे शेवटचं का म्हणतेय ते सांगते. मी असे वर्ग बघितलेत जिथे मूल मागच्या बाकावर, शेजारी ताई, ताईच त्याची वही काढते, ताईच त्याच्याशी बोलते, तो उठला की ताई त्याला खाली बसवते, आणि वर्गाच्या बाई वर्षभर त्याच्याकडे एकदाही वळत नाहीत कारण ‘त्याची ताई आहे ना’. मुलंही त्याच्याशी बोलायची बंद होतात. चाळीस मुलांच्या वर्गात त्याचा एकट्याचा वेगळा वर्ग भरतो. त्यापेक्षा वर्गालाच एक मदतनीस मिळाला, जो सगळ्यांच्या वह्या बघेल आणि यालाही बघेल, तर बाईंना याच्याकडे यायला मोकळीक मिळते. शाळेला तसं सुचवा, कधीकधी शाळा ऐकते कारण त्यात त्यांचाही फायदा दिसतो. अजून एक पळवाट तुम्हाला सुचवली जाईल, ‘दोनच तास आणा, डबा झाला की घेऊन जा’. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांची सवय म्हणून ठीक, पण तारीख ठरवल्याशिवाय नाही. ते दोन तास वर्षानुवर्षं दोनच तास राहतात आणि शिवाय आईची नोकरी जाते.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे शाळा त्याला काढू शकत नाही, शॅडो टीचरची अट घालू शकत नाही, आणि स्पेशल शाळा निवडायची का हे तुम्ही ठरवायचं. आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते.

नेहमीची शाळा की विशेष शाळा, याला माझ्याकडे सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही, आणि कुणी देत असेल तर जरा सांभाळून. सुरुवातीच्या वर्षांत माझा फार उत्साह होता की प्रत्येक मूल गावच्या शाळेतच हवं. एक मुलगा होता, जन्मतः कर्णबधिर, अतितीव्र, श्रवणयंत्रानंही फारसा उपयोग नव्हता. गावची शाळा चांगली, गुरुजी प्रेमळ, मुलं त्याला खेळायला घ्यायची. मी चार वर्षं तो तिथेच राहावा म्हणून भांडले. पण त्या शाळेत सांकेतिक भाषा येणारं एकही माणूस नव्हतं, मलाही जेमतेम येत होती. तो फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचा आणि त्यातलं एक वाक्य त्याला कळत नव्हतं. चौथीत असताना त्याला काल आणि उद्या यातला फरक सांगता येत नव्हता, कारण सांगायला भाषाच दिली नव्हती आम्ही. मग कर्णबधिरांच्या निवासी शाळेत गेला, दीड वर्षात हातांनी गोष्टी सांगायला लागला. ती चार वर्षं त्याची गेली आणि त्यात माझा वाटा आहे, हे मी विसरलेली नाही. म्हणून कायद्यानं अंध आणि कर्णबधिर मुलांना योग्य त्या भाषेत आणि पद्धतीनं शिकवायचं असं वेगळं लिहिलंय ते किती महत्त्वाचं आहे हे मला पाठ करून नाही, त्या मुलाकडे बघून कळलं. वर्गात बसायला जागा मिळाली म्हणजे समावेशन झालं असं नाही.

उलटंही बघितलंय. सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी, डोकं अगदी तल्लख, दुसरीनंतर शाळेत येईनाशी झाली. सगळे म्हणाले पायऱ्यांमुळे, रॅम्प मंजूर झाला, बांधला, तरी येईना. घरी गेले, आईशी बोलत बसले, तासाभरानं आईनं सांगितलं की शाळेतल्या शौचालयात तिला बसता येत नाही म्हणून ती सकाळपासून पोरीला पाणीच देत नव्हती, आणि उन्हाळ्यात ते सहन होईना. शौचालयात दोन आडवे पाइप धरायला लावले आणि बसायला मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मुलगी परत आली, आता कॉलेजात आहे. तिला कुणी ‘विशेष शाळेत टाका’ म्हणून मोकळं झालं असतं तर?

तर तुमच्या मुलाचं कशावर ठरेल? माझ्या मते तीन गोष्टी बघा. तो शाळेत जायला निघताना कसा असतो, म्हणजे रोज रडतो, पोटात दुखतं, झोपेत दचकतो, की दप्तर स्वतः आणतो. दुसरं, वर्गात किमान एक मोठं माणूस आणि एक मूल असं आहे का ज्याच्याकडे तो आपणहून जातो. तिसरं, गेल्या सहा महिन्यांत त्याच्यात काय नवीन आलं, अक्षरंच नाही, डबा उघडणं, रांगेत थांबणं, कुणाचं तरी नाव घेणं, काहीही. यातलं पहिलं वाईट असेल आणि बाकी दोन शून्य असतील तर शाळा बदलण्याचा विचार करा, आणि तेव्हाही विशेष शाळा हा एकच पर्याय नाही, कमी पटाची जिल्हा परिषद शाळा आधी बघून या. तुमच्या गावाच्या बाहेर असेल एखादी, १५-२० मुलं एका वर्गात, अंगण, आवाज कमी. स्वमग्न मुलांना अशा शाळांमध्ये फुललेलं मी बघितलंय आणि तिथे आमचा विशेष शिक्षकही पोचतो. सेमी इंग्रजी सुटेल, पण आत्ता त्याला भाषा एकच नीट येणं जास्त गरजेचं आहे असं मला वाटतं. विशेष शाळा चांगली असेल, पट मर्यादित, वाचा उपचार, व्यवसायोपचार तिथेच मिळत असेल आणि तुमचं मन तिथे लागत असेल तर त्यातही अपराधी वाटायचं काही कारण नाही. फक्त तो निर्णय तिथली शाळा बघून घ्या, इथून हाकललं म्हणून नको.

पण मला तुमच्या वर्णनावरून वाटतं की इथे अजून काही करूनच बघितलेलं नाहीये. घंटेचं घ्या. माझ्या एका शाळेत असाच मुलगा होता, घंटा वाजली की बाकाखाली. लोखंडी पट्टी बरोब्बर त्याच्या वर्गाच्या खिडकीबाहेर टांगलेली. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हलवली, त्याला खिडकीपासून लांब बसवलं, आणि भिंतीवर दिवसाचं चित्ररूप वेळापत्रक लावलं, प्रार्थना, मराठी, गणित, डबा, खेळ, घर, आणि घंटेच्या दोन मिनिटं आधी बाई त्याच्या बाकावर लाल कार्ड ठेवायच्या म्हणजे आता आवाज होणार. तीन आठवडे लागले. ओरडणं पूर्ण गेलं नाही, पण रोजचं आठवड्यातून एकदावर आलं. यात खर्च किती झाला? कार्डशीट आणि चिकटपट्टी. पळण्याचंही तसंच, तो कधी पळतो ते लिहून काढा, कुठल्या तासाला, आधी काय झालं होतं, पळून कुठे जातो. नळाकडे जात असेल तर एक गोष्ट, गेटकडे जात असेल तर पूर्ण वेगळी. ढकलण्याच्या आधीही काहीतरी झालेलं असतं, बहुतेक वेळा कुणी त्याची वस्तू घेतलेली असते किंवा फार जवळ आलेलं असतं, आणि त्याच्याकडे ‘नको’ म्हणायला शब्द नसतो. तो शब्द द्या, शब्द नाही जमला तर हाताची खूण द्या, कार्ड द्या.

वर्गाच्या बाईंना शत्रू समजू नका, ही विनंती. चाळीस मुलं, पोर्शन, ऑनलाइन माहिती भरणं, आणि स्वमग्नतेबद्दल त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही, त्या घाबरलेल्या असतात, कुणाला लागलं तर बोलणी आपल्याला बसणार म्हणून. त्यांना एक पान लिहून द्या. त्याला काय आवडतं, कशानं त्रास होतो, त्रास झाल्यावर काय केलं की शांत होतो, काय करू नये, घरी कुठल्या खुणा वापरतो. एकच पान, मोठ्या अक्षरात. डॉक्टरांची फाइल त्या वाचत नाहीत, हे पान वाचतात.

आणि लेखी कामाला लागा. मुख्याध्यापिकांच्या नावे अर्ज, त्यात भांडणाची भाषा नको. अमुक तारखेला तोंडी असं सांगण्यात आलं, तरी कृपया ते लेखी द्यावं, आणि माझ्या मुलासाठी वर्गशिक्षिका, मी आणि विशेष शिक्षक बसून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करावा, आणि या या सोयी हव्यात. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि तिथेच गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा, शाळा खाजगी असली तरी एकदा येऊन बघा म्हणून सांगा, माझ्या अनुभवात बरेच जण येतात. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तुमच्या मुलाची दिव्यांग म्हणून नोंद केलीय का हेही शाळेला विचारा, नोंदच नसेल तर सरकारच्या हिशोबात तो नाहीच. बहुतेक वेळा एवढ्यावरच शाळेचा आवाज खाली येतो, कारण ‘काढून घ्या’ हे लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. नाहीच झालं तर शिक्षणाधिकारी प्राथमिक, मग राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आणि पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना चौकशीत साक्षीला बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. मी स्वतः तिथपर्यंत फार कमी केसेस नेल्यात, कारण तोपर्यंत मुलाचं वर्ष जातं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीये. नसेल तर ऑनलाइन नोंदणी करून जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून घ्या, वेळ लागतो, आत्ताच सुरू करा. पण ‘आधी सर्टिफिकेट आणा मग बोलू’ असं शाळा म्हणाली तर ऐकू नका, ४० टक्क्यांची अट कलम ३१ ला आहे, भेदभाव न करणं आणि वाजवी सोयी देणं याला नाही. कार्ड झालं की निरामय या सरकारी आरोग्य विम्याचंही बघा, स्वमग्न मुलांना त्यात १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही बसतो. पुढे दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतील, त्याला अजून खूप वेळ आहे पण आत्ताचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवत जा.

तक्रार करणाऱ्या पालकांपैकी एक-दोघींना घरी चहाला बोलवा, जमलं तर मुलांना घेऊन. मीटिंगमध्ये समजावून काही होत नाही, तुमचा मुलगा गाड्या ओळीत लावून खेळतो हे त्यांच्या मुलानं बघितलं की काम होतं.

सोमवारी अर्ज द्या. आणि त्याच दिवशी वर्गात जाऊन दोन गोष्टी बघून मला लिहा, घंटा त्याच्या बाकापासून किती लांब आहे आणि त्याच्या शेजारी कोण बसतं.